दीडशे किलोचं पाणी आणि टाचणीएवढं छिद्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात शहराच्या पानावर एक फोटो होता. नव्या जेटिंग मशीनचं, म्हणजे जोराच्या पाण्याने गटाराची लाइन मोकळी करणाऱ्या यंत्राचं लोकार्पण. मशीनला झेंडूची माळ, चाकापाशी फोडलेला नारळ, मान्यवर ओळीने उभे आणि कोपऱ्यात एक पोरगा उघड्या चेंबरवर वाकलेला, हातात होज पाइप. पाइपच्या तोंडून पाण्याचा फवारा उडतो आहे. फोटो छान यावा म्हणून तसं धरायला कुणीतरी सांगितलं असणार. पोराच्या पायात चप्पल. वाचकांनी मान्यवरांचे चेहरे पाहिले असतील, माझी नजर त्याच्या डाव्या मुठीवर गेली. नोजलच्या, म्हणजे पाइपच्या टोकाला बसवलेल्या तोंडाच्या, मागे वीतभर अंतरावर त्याने पाइप धरला होता आणि पाणी चालू होतं. गडरच्या (जमिनीखालच्या सांडपाण्याच्या लाइनच्या) नोजलची भोकं मागच्या बाजूला असतात, म्हणजे ते पाणी थेट त्या मुठीच्या दिशेने येत होतं. इंजिन रेसवर नव्हतं, प्रेशर नावालाच असेल, म्हणून त्याचा हात शाबूत राहिला.

माझं हिंगणा रोडला होज पाइपचं दुकान आहे. जेसीबी, क्रेन, ट्रकचा जॅक, जिथे जिथे दाबाखाली तेल किंवा पाणी धावतं तिथला पाइप फुटला की माणूस आमच्याकडे येतो. आम्ही माप घेतो, नवा पाइप कापतो, दोन्ही टोकांना फिटिंग घालून क्रिम्पिंग मशीनमध्ये दाबून देतो. चोवीस वर्षं हेच चाललं आहे. पूर्वी गडरवाल्यांचं आमच्याकडे काही काम पडत नसे. बांबूच्या खपच्या, लोखंडी सळई, बादली, दोर ही त्यांची हत्यारं, आणि त्यांनीही चोक निघाला नाही तर माणूस आत उतरायचा. २०१३ साली कायदा आला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गडरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलं तर पहिल्याच खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मग मशिनी वाढल्या आणि त्यांचे फाटके पाइप माझ्या दुकानात येऊ लागले. मशीन आलं हे चांगलंच झालं, यात माझं दुमत नाही. माणूस खाली मरण्यापेक्षा मशीन वर आवाज करत राहिलेलं केव्हाही बरं. पण त्या मशीनच्या पाण्याला कुणी भीत नाही, आणि आज पत्र लिहायला बसलो ते त्याचसाठी.

आमच्या धंद्यात दाब 'किलो'त बोलतात, म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर इतके किलो. घरचा कुकर शिट्टी मारतो तो साधारण एक किलोवर. कारच्या चाकात दोन-सव्वादोन किलो हवा. गल्लीबोळात ढकलत नेतात ते छोटं जेटिंग मशीन शंभर-दीडशे किलोवर चालतं. एवढ्या दाबाने बारीक भोकातून सुटलेलं पाणी हिशेबाने ताशी पाचशे-सहाशे किलोमीटरने जातं. आणि माणसाची कातडी फुटायला सात किलोसुद्धा पुरतात.

आता घडलेली गोष्ट सांगतो, त्यात माझाही वाटा आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक ठेकेदार पाऊसपाण्याच्या आधीच्या सफाईच्या घाईत दुकानात आला. अर्धा इंची होज, साठ मीटरचा, मधे चिरलेला. मी म्हटलं, हा पाइप संपला, नवा घ्या. भाव ऐकून म्हणाला, "जोड मारून द्या नं भाऊ, सीझन तं निघू द्या." मी चिरलेला तुकडा कापून काढला आणि जोड मारून दिला. तसा जोड मारू नये हे मला माहीत होतं. पाइपवर जो दाब छापलेला असतो तो अख्ख्या, न घासलेल्या पाइपचा असतो. जोडाच्या अलीकडे-पलीकडे पाइप वाकतो आणि नेमका तिथेच थकतो. शिवाय जोडाचा तो फुगवटा चेंबरच्या काठावर अडकतो, मग पोरं ओढतात, हिसका देतात. पण गिऱ्हाईक समोर उभं होतं. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सवय मला तेव्हा नव्हती, आता थोडी लागली आहे.

दहा-बारा दिवसांनी त्यांचा मुकादम पुन्हा आला. स्कूटरवर तोच पाइप गुंडाळलेला, मागे एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. त्याचं नाव लिहीत नाही, ठेकेदाराकडे त्याचे पैसे अजून अडकले आहेत. पाइप जोडापासून वीतभर अंतरावर गळत होता. वरचं रबर काठाला घासून गेलं होतं आणि आतली तारेची जाळी दिसत होती. मुकादम म्हणाला, "इथून बारीक उडून राहिलं होतं. याने हात लावून पाहिलं तर याला लागलं थोडं." पोराने हात पुढे केला. रबरी ग्लोव्ह अजून हातातच होता. मधल्या बोटाच्या पेरावर, ग्लोव्हला टाचणीने टोचावं एवढं छिद्र. त्याने ग्लोव्ह काढला, तर खाली बोटालाही तेवढंच छिद्र आणि रक्ताचा एक थेंब, तोही सुकलेला. दुखतं का विचारलं, तर म्हणाला, "नाही भाऊ, सुन्न वाटून राहिलं. पाणीच तं आहे."

तेलाचं असं होतं हे मला ठाऊक होतं. हायड्रॉलिकच्या तेलाची बारीक चिळकांडी कातडीत घुसली तर बोट जातं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी सांगतात. म्हणूनच गळती शोधायला आम्ही हात लावत नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतो. जिथे पुठ्ठा ओला होतो किंवा फाटतो तिथे गळती. पण हे तेल नव्हतं, पाणी होतं, आणि माझ्याही डोक्यात तेच आलं की पाणीच तर आहे. मी म्हटलं, टीटीचं इंजेक्शन घेऊन घे. आणि मी पाइपकडे वळलो. पोराचं बोट मी अर्धा मिनिट पाहिलं असेल, पाइप पंधरा मिनिटं.

दवाखान्यात त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, टीटी दिलं. रात्री बोट भरताच्या वांग्यासारखं झालं. सकाळी सूज मनगटापर्यंत. मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथे विचारलं, कशाने लागलं? हा म्हणाला, पाणी लागलं. पाणी लागलं म्हटल्यावर कोण धावपळ करणार? केसपेपरवर साधी जखम लिहिली आणि बाकावर बसवलं. दुपारी एका वयस्कर डॉक्टरांनी मशीनचं सविस्तर विचारलं, किती प्रेशर, कुठलं पाणी, किती तास झाले, आणि तिथून त्याला थेट ऑपरेशनला नेलं. बोटाच्या टोकापासून तळहाताच्या मध्यापर्यंत हात उघडावा लागला. बाहेर छिद्र एवढुसं, पण पाणी आत बोट वळवणाऱ्या दोरीच्या (कंडरेच्या) म्यानातून सरकत तळहातापर्यंत पोचलं होतं आणि सोबत गडरची काळी घाण घेऊन गेलं होतं. जखम उघडी ठेवून पुन्हा दोनदा धुवावी लागली. हात वाचला. मधलं बोट आता वळत नाही. मूठ केली की ते बोट सरळच राहतं. पोरगा त्यावर स्वतःच विनोद करतो, मला हसू येत नाही.

त्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते सांगतो, कारण तेवढं जरी छापून आलं तरी हे पत्र लिहिल्याचं सार्थक होईल. प्रेशरचं पाणी कातडीत घुसलं की छिद्र केवढं आहे ते पाहायचंच नाही. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. सुन्न वाटणं हे चांगलं लक्षण नव्हे. गोळी लागल्यासारखं समजून, ज्या दवाखान्यात हाताचं ऑपरेशन होतं तिथेच त्या माणसाला त्याच तासात न्यायचं. आणि 'पाणी लागलं' असं बिलकुल म्हणायचं नाही. 'जेटिंग मशीनचं दीडशे किलो प्रेशरचं गडरचं पाणी बोटात घुसलं, अमुक वाजता' असं म्हणायचं. परदेशात या कामातली माणसं अशा मजकुराचं कार्ड खिशात ठेवतात, म्हणजे डॉक्टरला वाचता येतं. मी तसंच कार्ड छापून घेतलं आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, वरून प्लॅस्टिक. दुकानात जेटिंगचा पाइप घेऊन जो येतो त्याला दोन देतो, एक मशीनवाल्याला आणि एक नोजलवाल्याला. पहिल्या-पहिल्यांदा लोक ते लग्नपत्रिकेसारखं उलटंपालटं करून पाहायचे.

ग्लोव्हने हे थांबत नाही, हेही सांगायला हवं. रबरी ग्लोव्ह घाणीसाठी असतात, जखमेत घाण जाऊ नये, लेप्टोसारखा (उंदराच्या लघवीतून पसरणारा) आजार होऊ नये यासाठी. ते घालायलाच हवेत. पण त्यांच्यावर विसंबून चालू पाण्याला हात लावला तर ग्लोव्ह आणि बोट दोन्हींना एकच छिद्र पडतं, ते मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट नोजलची. लोकांना वाटतं मशीन पाइप आत ढकलतं. तसं नाही. नोजलच्या मागच्या भोकांतून पाणी मागे सुटतं आणि त्या धक्क्याने नोजल पुढे पळतं, दिवाळीतल्या रॉकेटसारखं. म्हणूनच खालच्या अंगाच्या चेंबरमधून वरच्या अंगाला नोजल सोडतात, म्हणजे सुटलेला गाळ पाण्यासोबत आपल्याकडे येतो. आता नोजल असतं आखूड, जेमतेम तीन-चार इंचांचं. नऊ इंची लाइनमध्ये ते कुठे विटेला अडलं की आतल्या आत पलटी मारतं आणि ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने, त्याच जोरात परत येतं. एका अरुंद गल्लीत मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. चेंबरमधून पाइप नाग फणा काढतो तसा उभा राहिला, दोनदा डोललं ते तोंड आणि समोरच्या चहाच्या टपरीचा पत्रा वाजला. नोजलवाला त्या क्षणी बिडी पेटवायला दोन पावलं मागे सरकला होता, तेवढ्यानेच वाचला. चेंबरपाशी बिडी पेटवू नये, आत जळणारा गॅस असू शकतो, हेही तितकंच खरं. त्या दिवशी मात्र बिडीनेच त्याला वाचवलं.

यावर उपाय इतका स्वस्त आहे की सांगताना लाज वाटते. नोजल आणि होज यांच्यामधे लाइनच्या व्यासाच्या दीडपट लांबीचा लोखंडी पाइपचा तुकडा घालायचा. नऊ इंची लाइन असेल तर चौदा इंचांचा. मग नोजलला आत वळायला जागाच उरत नाही. दोन टोकांना आटे पाडलेला, प्रेशर सोसणारा एक तुकडा, बस. आणि होजवर नोजलच्या आधी ठळक पट्टा रंगवायचा. पाइप परत ओढताना पट्टा दिसला की पाणी बंद, मगच नोजल बाहेर. इथे एक चूक सर्रास होते. पट्टा नोजलपासून पाच-सहा फुटांवर असतो आणि चेंबर आठ फूट खोल. पट्टा वर दिसेपर्यंत नोजल लाइनमधून सुटून चेंबरमध्ये मोकळं फिरत असतं. आधी काठी टाकून चेंबरची खोली मोजायची आणि पट्टा त्याच्या पुढे चार-पाच फुटांवर ठेवायचा. आत सोडतानाही तेच. नोजल लाइनमध्ये हातभर शिरल्याशिवाय प्रेशर द्यायचं नाही.

पाणी बंद कोण करणार, हा खरा प्रश्न. मशीन तीस मीटरवर, इंजिनचा धडधडाट, नोजलवाला 'बंद कर, बंद कर' ओरडतो आणि मशीनवाला मोबाइलवर. यासाठी पायाने दाबायचा व्हॉल्व मिळतो. नोजलवाल्याच्या पायाखाली राहतो, पाय उचलला की प्रेशर जागच्या जागी खाली. माणूस घसरला, पडला, घाबरला तरी पाय उचलला जातोच. माझ्याकडे जेवढ्या मशिनी आल्या त्यांतल्या बहुतेकांना हा व्हॉल्व नाही. काहींना होता, तो काढून ठेवलेला. हातात धरून फवारा मारायच्या गनचं त्याहून वाईट. ट्रिगर सारखा दाबून बोट दुखतं म्हणून त्याला बाइंडिंग तार गुंडाळलेली असते. अशा तारा मी कितीतरी कापून फेकल्या आहेत. पुढच्या वेळी गन येते तेव्हा नवी तार असते. प्रेशरच्या काट्याची काच फुटलेली, काटा शून्यावर अडकलेला, आणि सेफ्टी व्हॉल्व मुद्दाम पिळून घट्ट केलेला, का तर 'प्रेशर कमी येऊन राहिलं होतं'. इंजिन बंद केल्यावर पाइपमध्ये प्रेशर उरतं, ते गन दाबून सोडून द्यायचं आणि मगच पाना लावायचा, हे सांगितलं तर पोरं माझ्याकडे पाहत राहतात. त्यांना हे आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

वायूचंही थोडं. जेटिंगने तळाचा गाळ ढवळला की त्यात कोंडलेला गॅस एकदम वर येतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर नाक शाबूत आहे असं समजावं. तो गॅस वाढला की आधी नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता वाकायला हरकत नाही. म्हणून वाकायचंच नाही, झाकण उघडून वारा लागू द्यायचा, अलीकडच्या-पलीकडच्या चेंबरची झाकणंही काढायची, आणि त्या उघड्या चेंबरांपाशी एकेक माणूस उभा करायचा, नाहीतर शाळेतून येणारं पोर त्यात जायचं.

राहणाऱ्यांसाठीही एक. गल्लीत जेटिंग चालू असेल तर संडासाचं झाकण लावून ठेवा. लाइनमधली हवा कोंडली की ती घरच्या सीटमधून पाण्यासकट वर उसळते. माझ्या सासुरवाडीला, नागपूरच्या महाल भागात, हा प्रकार झाला. सासरेबुवा आत होते. पुढचं लिहीत नाही.

पोरं साधनं वापरत नाहीत अशी तक्रार ठेकेदार करतात, त्यात निम्मं खरं आहे. पण नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसला, अंगात रबरी सूट, पायात गमबूट, तोंडावर शील्ड. तक्रार करणाऱ्याने एकदा दुपारी एक वाजता तासभर घालून बघावं. उपाय आहे तो वेळ बदलण्याचा. सकाळी सहाला सुरू करा, दहाला थांबवा, संध्याकाळी पुन्हा लावा. गल्ली मोकळी असते, शाळेच्या रिक्षा नसतात, आणि माणूस साधनं घालतो. पण पेमेंट किती मीटर लाइन साफ झाली त्यावर असेल, तर दुपारी मशीन कोण थांबवेल?

निविदेत मशीन असतं, ट्रॉली असते, डिझेल असतं. होज दर किती तासांनी बदलायचा, पायाचा व्हॉल्व, नोजलचा तो लोखंडी तुकडा, माणसांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, हे माझ्याकडे आलेल्या कुठल्याच ठेकेदाराच्या कागदात मला दिसलं नाही. होज ही बदलत राहायची वस्तू आहे, चपलेसारखी. ती एकदाच विकत घ्यायची वस्तू समजली की माझ्यासारखा दुकानदार जोड मारून देतो. यात माझा धंदा आहे, नवा पाइप विकला की मला फायदा होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आणि नुकसानभरपाई. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गडरमध्ये मृत्यू झाल्यास तीस लाख आणि कायमचं अपंगत्व येऊन माणूस कमावण्याजोगा न राहिल्यास किमान वीस लाख देण्याचा आदेश दिला. आमचा पोरगा गडरमध्ये उतरलाच नव्हता, रस्त्यावर उभा होता. मुकादम म्हणतो, तो मशीन हाताळताना निष्काळजीपणे जखमी झाला. हजेरीच्या वहीत त्या दिवशी त्याच्या नावापुढे काट मारलेली आहे. मशिनी वाढतील तसे जखमी होणारे रस्त्यावरच असतील. त्यांची नोंद कोणत्या वहीत व्हायची, हे सफाई कामगारांच्या संघटनांनी आणि आपल्या बातमीदारांनी विचारावं असं मला वाटतं.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. जेटिंगच्या होजला जोड मारून देत नाही. त्यामुळे दोन ठेकेदार तुटले, पलीकडच्या दुकानात जोड मिळतो. दर रविवारी सकाळी दुकान उघडं असतं. सफाई कामगार, ऐवजदार (बदली कामगार), ठेकेदाराची पोरं, कुणीही आपला होज आणि गन घेऊन यावं, फुकट तपासून देईन. नोजलचा तुकडा हवा असेल तर पाइपचे तेवढे पैसे घेईन, आटे पाडायची मजुरी नाही. तो जुना जोड मी कापून ठेवला आहे, क्रिम्पिंग मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला आहे. पोरगा परवा आला होता, कार्डांचा गठ्ठा न्यायला. आता तो भावाच्या पंक्चरच्या दुकानात बसतो, त्यांच्या गल्लीत मशीन आलं की पोरांना कार्ड वाटतो. खिळ्याकडे पाहून म्हणाला, "भाऊ, हा अजून ठेवला का?" मग त्याने तो काढून डाव्या हातात धरला, वाकवून पाहिला आणि परत टांगून दिला.

आपला,
एक होज पाइप दुरुस्तीवाला,
हिंगणा रोड, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)